मामाजींची दाढी

माझ्या हनुवटीवर पहिला राठ केस आला तेव्हा मी बारावीत होते. आईनं तो चिमट्यानं उपटला आणि म्हणाली, "कोणाले सांगू नको." पुढं त्या एकाचे पाच झाले, पाचाचे पन्नास झाले, पण न सांगण्याची सवय तशीच राहिली. चिखलीच्या एका डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करून पीसीओडी असं नाव सांगितलं, गोळ्या लिहून दिल्या. त्या चार महिने घेतल्या. मग आईनंच बंद केल्या. लग्न ठरत होतं, पाकीट कुणाच्या हाती लागलं तर काय, ही तिला धास्ती.

कोरोनाची दोन वर्षं लोकांना जाचाची गेली. मला मात्र मास्कनं सुख दिलं. सगळं गाव तोंड झाकून फिरत होतं, त्यात माझं एक.

लग्न होऊन मी डोणगावला आले. घरात माणसं तीनच. नवरा सागर, सासरे अर्जुनराव आणि मी. सासूबाईंना मी फोटोतच पाहिलं. सासऱ्यांना मी मामाजी म्हणते. त्यांची सहा एकर शेती, सोयाबीन आणि तूर. सागर पिकअप चालवतो. इथला माल मलकापूर, खामगाव, कधी अकोला असा पोचवत असल्यामुळं त्याचा दिवस रस्त्यावरच जातो. मी पुढच्या खोलीत खिडकीशी शिलाई मशीन टाकली आणि ब्लाउज शिवायला लागले. खिडकीच्या बाहेर लगेच ओटा. तिथं मामाजी आणि त्यांचे शेजारी देवानंद काका दिवसभर येऊन-जाऊन बसलेले असायचे.

ब्लाउज शिवणारीचं तोंड लपत नाही. गळ्याचं, खांद्याचं माप घेताना समोरच्या बाईचं आणि आपलं तोंड वीतभर अंतरावर येतं. म्हणून मी रोज पहाटे, दोघं उठायच्या आत, न्हाणीत जाऊन सागरनं टाकून दिलेल्या रेझरनं हनुवटी आणि गळा खरवडायची. घाईघाईत, कोरड्या कातडीवर, उलट्या बाजूनं. मग वरून लिंबू चोळायची, म्हणजे काळे डाग जातील. डाग गेले नाहीत. केस कातडीच्या आतच वळायला लागले, त्यांच्या पुळ्या झाल्या, पुळ्यांत पू व्हायला लागला. ओळखीच्या एका बाईनं सांगितलं म्हणून मेडिकलमधून गोरं करायची ट्यूब आणली. पहिला महिनाभर चेहरा काचेसारखा झाला. मग चूल पेटवली तरी गाल भाजल्यागत व्हायला लागले. ट्यूब लावली नाही की लाल, लावली की बरं. अशी पाच महिने मी त्या ट्यूबच्या ताब्यात होते.

सागरला सगळं माहीत होतं. तो वाईट माणूस नाही. एकदा म्हणाला, "तुह्या हनुवटीशी माह्यं काय भांडण हाय? राहू दे तशीच." त्याच्या परीनं ते प्रेमच होतं. पण ती हनुवटी घेऊन दिवसभर बायकांसमोर त्याला उभं राहायचं नव्हतं.

लग्नसराई सुरू झाली होती. गल्लीतली प्रतीक्षा माप द्यायला आली, कडेवर वर्षा-दीड वर्षाचं पोर. मी तिच्या खांद्याला टेप लावला तसा पोरानं हात पुढं करून माझ्या हनुवटीला लावला. हाताला टोचलं असावं. ते खुश होऊन ओरडलं, "बाबा!"

प्रतीक्षानं झटकन त्याचा हात ओढला. "त्याले काही समजत नाई व," असं म्हणून ती हसली आणि मीही हसले. माप वहीत लिहिताना आकडा चुकला, तो खोडून पुन्हा लिहिला.

ती गेल्यावर मी न्हाणीत जाऊन एकाच जागी तीनदा पातं फिरवलं. दुसऱ्या दिवशी हनुवटी सुजून टमाट्यासारखी झाली. चार ठिकाणी पू, दोन ठिकाणी रक्त. त्या दिवशी मेहकरला सागरच्या मित्राचं लग्न होतं. मी ताप आल्याचं सांगितलं आणि तोंडावर पांघरूण घेऊन पडून राहिले. दुपारी मामाजींनी खिचडी टाकली, ताट दाराशी ठेवलं आणि बाहेरूनच म्हणाले, "थोडी खाऊन घेजो." मी ताट उचलायला वाकले, पदर घसरला, आणि त्यांनी पाहिलं. एक क्षणच. मग ते असे वळले जणू त्यांना गोठ्यातलं काही आठवलं.

चार दिवसांनी ते कापडी पिशवी घेऊन मेहकरला गेले. परत आले ते एक खोकं घेऊन.

मामाजींची दाढी म्हणजे आमच्या घरातला एक सोहळाच होता. एक दिवसाआड सकाळी ओट्यावर लोखंडी खुर्ची, खिडकीच्या गजाला टांगलेला गोल आरसा, स्टीलच्या वाटीत गरम पाणी, ब्रश, साबण, जुन्या पद्धतीचा पितळी रेझर आणि शेवटी तुरटीचा खडा. सदुसष्टाव्या वर्षी त्यांचे गाल लहान मुलासारखे गुळगुळीत. कधी पुळी नाही, कधी ओरखडा नाही. अशा माणसानं त्या दिवशी खोकं उघडलं आणि देवानंद काकांना सांगितलं, "देवानंदा, आजपासून ब्लेड बंद."

"काऊन बे?"

"हात थरथर कापते आता. बॅटरीची मशीन आणली."

देवानंद काकांना छातीपर्यंत पांढरी दाढी. दाढी करण्याशी त्यांचा तीस वर्षांत संबंध आलेला नाही. ते म्हणाले, "हात कापते तं माह्यावानी वाढव."

मशीन घरघरली. मी आत ब्लाउजला काज करत होते, फारसं लक्ष दिलं नाही. पण तिसऱ्या दिवशी मामाजी जेवायला बसले तर गळ्याचा पुढचा भाग बिटासारखा लाल. आजवर ब्लेडची सवय असलेली कातडी, तिला मशीन मुळीच मानवली नव्हती. मी विचारलं, "मामाजी, काय झालं?"

"काही नाई. नवीन चपलेवानी हाय. चावते थोडी."

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा मेहकरला गेले, कातडीच्या डॉक्टरकडं. आणि त्या संध्याकाळपासून ओट्यावर एक नवाच प्रकार सुरू झाला. मामाजी देवानंद काकांना दाढीचं शास्त्र सांगायला लागले. तेही अशा खणखणीत आवाजात की खिडकीच्या आत पडलेल्या टाचणीलाही ऐकू जावं.

"डॉक्टरीण म्हणे, पुळ्या हायेत तोवर काहीच फिरवू नका. ना ब्लेड, ना मशीन. दहा दिवस वाढू द्या. पुळीवरून पातं फिरलं की तिच्यातली घाण बाजूच्या कातडीत जाते."

"तुह्या तोंडावर पुळ्या कोठी हायेत बे?"

"हायेत. तुले दिसत नाई. चष्मा बदल."

"आन हळू बोल ना. म्या काय बहिरा हाव?"

मामाजींनी आवाज कमी केला नाही. "आणखी म्हणे, लिंबू बंद. हळद, टूथपेस्ट, तुरटी, सगळं बंद. आन कोणाच्या सांगण्यावरून मेडिकलातून ट्यूब आणली असन गोरं व्हाची, तं ते पयले डॉक्टरले दाखवा. कातडी कागदावानी पातळ होते तिच्यानं. पण एकदम बंद नाई करायची, एकदम बंद केली तं जास्त भडकते. डॉक्टरच्या हातानंच सोडा लागते."

देवानंद काकांना हसता हसता ठसका लागला. "तू कवापासून गोरं व्हाची ट्यूब लावून राह्यला बे अर्जुना?"

"म्या नाई लावत. माहिती असावी माणसाले."

माझ्या हातातली कात्री थांबली. मामाजींनी आयुष्यात कधी तोंडाला लिंबू लावलं नव्हतं. लिंबाची पिळलेली फोड न्हाणीच्या कोनाड्यात रोज असायची ती माझी होती. ट्यूब दोऱ्यांच्या रिळांच्या डब्यात मागं लपवलेली होती. मी खिडकीच्या फटीतून पाहिलं. देवानंद काका त्यांच्या उजव्या हाताला बसले होते, आणि मामाजींचं तोंड मात्र डावीकडं, माझ्या खिडकीकडं होतं.

पहिल्यांदा मला लाजच वाटली. जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, अशी. मग थोडा रागही आला, यांनी माझे डबे बघावेत काय म्हणून. रात्री ताट वाढताना मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. त्यांनीही पाहिलं नाही. वरणात मीठ कमी आहे एवढंच बोलले. पण सकाळी मी रेझर हातात घेतला आणि तो परत ठेवला. लिंबू चिरलं नाही.

दहा दिवस मी काहीच फिरवलं नाही. खोकला आहे असं सांगून मास्क लावला आणि कामं चालू ठेवली. मामाजींचीही दाढी वाढली, पांढरी, खुरटी, गालभर. तुळतुळीत राहणारा माणूस असा दिसल्यावर बाजारात लोक जवळ येऊन हळूच विचारायचे, "अर्जुनराव, सुतक हाय का?" हे देवानंद काकांनीच ओट्यावर सांगितलं. मामाजी म्हणाले, "इचारू दे. म्या सांगतो डॉक्टरनं मना केलं."

त्या दहा दिवसांत माझ्या पुळ्या बसल्या. सगळ्या नाही, पण पू थांबला. अकराव्या दिवशी मामाजी आत आले, हातात लहानसं खोकं.

"डिंपल, हे पाह्य. दुकानदारानं गळ्यात मारलं. लहानसंच हाय, माह्या दाढीले पुरत नाई. तुह्या शिलाईच्या सामानात ठेव. लोकरीवरचे गोळे काढाले कामात येईन."

डोणगावात मी ब्लाउज आणि परकर शिवत होते. लोकर माझ्या मशीनखाली कधी आली नव्हती. मी म्हटलं, "बरं, मामाजी."

खोक्यात तळहाताएवढं यंत्र होतं, साफ करायचा ब्रश होता, आणि मेहकरच्या कातडीच्या डॉक्टर रेणुका यांचं कार्ड. कोणत्या वारी बसतात ते मागं पेननं लिहिलेलं, मामाजींच्या मोडक्या अक्षरात.

मी आंघोळीनंतर तोंड टिपलं, पूर्ण कोरडं होऊ दिलं आणि पहिल्यांदा ते यंत्र हनुवटीला लावलं. ब्लेडची सवय होती म्हणून दाबून फिरवलं. केस निघाले. पण दुपारपर्यंत आग, आणि दुसऱ्या दिवशी लाल चट्टा. मला वाटलं, झालं, हेही गेलं.

बाहेरून आवाज आला, "आज दुसरा दिवस, देवानंदा. म्या काय चूक केली माईत हाय का? दाबलं. दाबायचं नाई म्हणे, नुसतं टेकवायचं. एका जागेवरून फिरून फिरून नाई न्यायचं. दुसऱ्या हातानं कातडी थोडी ताणून धरायची."

मी पुढच्या वेळी दाबलं नाही.

"चौथा दिवस. मशीनची जाळी साफ नव्हती केली म्या. त्यात मळ बसला की तेच कातडीले घासते. ब्रशनं रोज झाडा लागते. आन मशीन एकमेकाची वापराची नाई, घरातली झाली तरी."

"तुही मशीन कोण वापरते बे?" देवानंद काका म्हणाले.

मी जाळी उघडून पाहिली. खरंच भरली होती.

असे आमचे दिवस चालले. ते बाहेर, मी आत. त्यांच्या गळ्यावर चट्टा उठला की मला कळायचं माझाही का उठला. आठव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. गळ्याच्या डाव्या बाजूला बारीक पुरळ आलं होतं, खाज सुटली होती, आणि दुपारी माप घ्यायला तिघी येणार होत्या. ब्लेडनं निदान त्या दिवसापुरतं तरी गुळगुळीत दिसायचं. मी यंत्र ड्रॉवरमध्ये टाकलं आणि रेझर काढला. तेवढ्यात ओट्यावर मशीनची घरघर थांबली आणि मामाजींनी स्स् केलं.

"लय आग होते बे. आज सोडूनच देणार होतो म्या. पण डॉक्टरीण म्हणे, कातडीले सवय व्हाले दोन-तीन हप्ते लागतात. मधातच सोडलं तं पयल्यापासून सुरू करा लागते. म्हटलं, पंधरा दिवस तं पाहू."

"अर्जुना, तुले येड लागलं," देवानंद काका म्हणाले. यावेळी ते हसत नव्हते. "चांगली कातडी होती तुही. कायच्यासाठी जाळून राह्यला?"

मशीन पुन्हा घरघरली. मी रेझर कागदात गुंडाळला आणि कचऱ्यात टाकला. तिघींची मापं मी मास्क न लावता घेतली. त्यातल्या एकीनं विचारलं, "गळ्याले काय झालं व?" मी म्हटलं, "पुरळ आलं, औषध चालू हाय." ती म्हणाली, "माह्या बहिणीलेही येते," आणि बाहीची लांबी सांगायला लागली. एवढंच झालं.

तिसरा आठवडा लागता लागता आग थांबली. पुळ्या नव्यानं येईनात. आता उरली होती ती ट्यूब, आणि ट्यूबचा प्रश्न ओट्यावरून सुटणारा नव्हता. मामाजींनाही ते माहीत असावं. एका सकाळी ते बोलले, "मशीननं केस कापते, पण तो येते कोठून, हे रक्त तपासल्याबिगर समजत नाई. शुगर असते, बीपी असते, तसंच हे. त्याच्यात लाजासारखं काय हाय?" देवानंद काका त्या वेळी ओट्यावर नव्हतेच.

गुरुवारी मी एकटीच बसनं मेहकरला गेले.

डॉक्टर रेणुका माझ्याहून चार-पाच वर्षांनीच मोठ्या असतील. त्यांनी भिंगातून हनुवटी पाहिली, ट्यूब उलटून तिच्यावरचं बारीक अक्षर वाचलं, मान हलवली. ती कशी कमी करत न्यायची ते लिहून दिलं, साधं मलम दिलं, रक्ताच्या तपासण्या दिल्या. मग विचारलं, "एकदम बंद नाही केली हे बरं केलंत. कोणी सांगितलं?"

"सासऱ्यांनी."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "डोणगावचे का? कापडी पिशवी, वहीत लिहून घेतात?"

मी मान हलवली.

"पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना काहीच नव्हतं. मी म्हटलं, काका, तुमची कातडी तर माझ्यापेक्षा चांगली आहे. तर म्हणाले, लेकीले तरास हाय, ते येत नाई, म्हणून म्या आलो. मी म्हटलं, पेशंट बघितल्याशिवाय मी औषध नाही देऊ शकत. तर म्हणे, औषध नका देऊ, काय करू नये तेवढं सांगा. सगळं लिहून घेतलं. नंतर आले ते स्वतःची मान लाल करून. मी म्हटलं, तुम्हाला कोणी सांगितलं होतं मशीन वापरायला? तर नुसते हसले."

मामाजींना मुलगी नाही. सागर एकटाच. मी हे डॉक्टरांना सांगितलं नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्यांनी पाहिलं आणि टेबलावरचा पाण्याचा ग्लास माझ्याकडं सरकवला.

घरी आले तेव्हा मामाजी ओट्यावर एकटेच होते. मी चहा नेला. एरवी कप ठेवून आत यायची, त्या दिवशी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले.

"मामाजी, डॉक्टर म्हणाल्या, तुमची कातडी ब्लेडलेच बरी हाय. आता सोडा ती मशीन."

त्यांनी कप ओट्यावर ठेवला.

"त्या लेकरानं तुले बाबा म्हटलं, तवा म्या अथीच बसलो होतो," ते म्हणाले. "तुह्यावानीच गीताबाईले होतं."

गीताबाई म्हणजे त्यांची मोठी बहीण, वरवट बकालला असते. मी तिला लग्नात पाहिलं होतं. पदर दातात घट्ट धरून बसलेली, बोललीही पदराआडूनच. मला वाटलं, जुनी रीत.

"ते सोळा-सतराची होती, म्या आठ-दहाचा. विटकरीनं घासे हनुवटी. राख लावे. रक्त निघे. आन म्या काय करो? गावातल्या पोरायच्या संगं तिले 'ए मिशीवाल्या' म्हणो. हसो. तिनं मले कधी हात नाई लावला. नुसता पदर दातात धरला. पयल्या सासरहून तिले वापस पाठवली, याच्यावरूनच. मंग वरवटले दिली, बिजवराले. त्याचे दोन लेकरं तिनं वाढवले. पण तो पदर काही सुटला नाई, डिंपल. म्या काही शिकलेला नाई. पण इचारता तं आलं असतं ना कोणाले? साठ वर्सात कोणीच इचारलं नाई."

 मी म्हटलं, "आत्याले भेटाले जाऊ आपण."

शेगावकडचं भाडं मिळालं त्या दिवशी सागरनं आम्हा दोघांना पिकअपमध्ये पुढं बसवलं. खामगावला थांबून मी एक नवीन लहान यंत्र घेतलं, कारण आपलं दुसऱ्याला द्यायचं नाही हे मी ओट्यावरूनच शिकले होते. वरवटला पोचलो तेव्हा आत्याच्या घरची सगळी माणसं कांद्याच्या वावरात गेली होती. ती एकटीच होती. आम्हाला पाहून पदर दातात धरला आणि चहाला आधण ठेवायला आत गेली. मी तिच्या मागं गेले.

मागच्या अंगणात बाज होती. मी तिला बसवलं आणि माझं सगळं सांगितलं. आईचा चिमटा, ब्लेड, लिंबू, ट्यूब, प्रतीक्षाचं पोर. ती ऐकत राहिली. मग एक बोट पुढं करून माझ्या हनुवटीवरून फिरवलं, सावकाश, जसं आपण साडीचा पोत बघतो.

"काय केलं याले?"

मी यंत्र दाखवलं.

"दुखते का?"

"पयले थोडी आग होते. मग नाई."

"मले आता कोणासाठी करायचं व माय? म्हातारी झाली."

 तिनं समोरच्या तुळशीकडं पाहिलं. मग तिनं पदर सोडला.

पांढरे, तारेसारखे केस. त्यांच्याखाली कातडीला जागोजागी खड्डे आणि काळे वण, विटकरीचे. मी कोमट पाण्यानं तोंड पुसून दिलं, कोरडं होऊ दिलं, आधी लांब केस कात्रीनं बारीक केले, मग यंत्र टेकवलं. आवाज सुरू झाला तशी तिनं मांडीवर मुठी आवळल्या. मी दाबलं नाही. एका जागेवरून दुसऱ्यांदा गेले नाही. थोड्या वेळानं मुठी सुटल्या, आणि ती एकदम हसली, तोंडात चारच दात.

"गुदगुल्या होतात व."

पुढच्या खोलीत मामाजी सागरला कांद्याच्या लागवडीबद्दल काहीतरी विचारत होते. मध्येच थांबत होते, पुन्हा विचारत होते. त्यांचं लक्ष कांद्यात नव्हतं.

मलम लावून मी म्हटलं, "उद्या-परवा जळजळ होईन, आत्या. घाबरू नका. दोन-तीन हप्ते धीर धरा लागते."

"साठ वर्स काढले," ती म्हणाली. "दोन हप्त्यायचं काय घेऊन बसली."

चहा तिनंच बाहेर नेला. पदर डोक्यावर होता, तोंडावर नव्हता. मामाजींनी कप घेतला नाही. ते उठले, वाकले आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं. सागर गोंधळून उभा राहिला.

"बाई, माह्यं चुकलं. लहानपणी..."

"ऊठ रे," आत्या म्हणाली. तिनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो लवकर काढला नाही. "नऊ वर्साचं लेकरू होता तू. ऊठ, चाय थंडी होऊन राह्यली."

निघताना आत्यानं आम्हाला कांद्याची अर्धी गोणी दिली. दारापर्यंत आली, गल्लीतून जाणाऱ्या एका बाईशी उघड्या तोंडानं बोलली, ही माझी भाचेसून म्हणून माझी ओळख करून दिली.

माझी हनुवटी अजून पूर्ण स्वच्छ नाही. डाग आहेत, ते फिकट व्हायला वर्ष जाईल असं डॉक्टर म्हणतात. गोळ्या चालू आहेत. केस येतात, मी एक दिवसाआड आंघोळीनंतर पाच मिनिटं यंत्र फिरवते, आणि न्हाणीची कडी लावली तरी आता ती चोरासारखी लावत नाही. मास्क शिलाईच्या खोलीत नाही. मामाजी ब्लेडवर परत गेलेत, त्यांचे गाल पुन्हा तुळतुळीत झालेत.

वरवटहून येताना गाडीत सागर गाणी लावून चालवत होता. मामाजी माझ्या शेजारी डोळे मिटून बसले होते. मेहकरहून आले त्या दिवसापासून एक वाक्य माझ्या तोंडात घोळत होतं. सासऱ्याला असं कुणी म्हणतं का, कसं म्हणायचं, म्हणून राहून गेलं होतं. त्या दिवशी गाण्याच्या आवाजात मी म्हणून टाकलं.

"मामाजी, तुमचे लय उपकार झाले माह्यावर."

त्यांनी डोळे उघडले नाहीत.  तसेच म्हणाले, "लेकीवर कोणी उपकार करते का? पुढच्या तपासणीले कोणत्या तारखेले जायचं हाय ते सांगून ठेव सागरले. गाडी रिकामी ठेवीन तो."

"ठेवतो ना," सागर म्हणाला, आणि गाण्याचा आवाज कमी केला.